मुलांना स्वतःशी बोलायला शिकवताना: सातवी-आठवीसाठी सहा तासांचा क्रम

सातवीच्या वर्गात ‘मी कोण आहे? दहा वाक्यं लिहा’ असं सांगितलं, की पंधरा मिनिटांत चाळीस निबंध हातात येतात. ‘मी प्रामाणिक आहे. मी मोठ्यांचा आदर करतो. मला मोठेपणी डॉक्टर व्हायचं आहे.’ वाक्यं शुद्ध, अक्षर सुवाच्य, पण त्यात मूल कुठेच सापडत नाही. पुढच्या तासाला फळ्यावर ‘मी हुशार आहे, मी करू शकतो’ लिहून सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतलं जातं. अहवालाला फोटो लागतात, उपक्रम संपतो. पुढच्या चाचणीचा पेपर हातात आला, की तेच मूल मनात स्वतःला जे आधी म्हणायचं तेच म्हणतं.

गडबड क्रमात होते. आपण उत्तर आधी देतो आणि ऐकायचं राहून जातं. मूल दिवसभर स्वतःला काय म्हणतं ते आधी त्याचं त्यालाच ऐकू यायला हवं. मग ते कागदावर यायला हवं, मग तपासायला हवं आणि बदल त्यानंतर. पुढचा क्रम शिक्षक, शाळेतले समुपदेशक आणि सुट्टीतली शिबिरं घेणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. घरी एकट्या मुलाबरोबर करायचा असेल तर काय बदलायचं, ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

## पहिल्या तासाआधीची तयारी

गट. 12 ते 16 मुलं. पन्नास पटाच्या वर्गाचे चार गट करा. ते शक्यच नसेल तर सगळं लिखाण पूर्ण वर्गाबरोबर घ्या, पण मोठ्याने वाचून दाखवणं पूर्णपणे गाळा. मुलगे आणि मुली एकत्र चालतात, फक्त ‘दिसणं’ या विषयावर गटात तोंडी चर्चा ठेवू नका.

वेळ. आठवड्याला एक तास, असे सहा तास. 35 मिनिटांची तासिका पुरत नाही. मुलं स्थिरस्थावर होऊन लिहायला लागतात तोवर घंटा वाजते. लागोपाठच्या दोन तासिका घ्या किंवा शाळा सुटल्यावर 50 मिनिटं ठेवा. खेळाचा तास मात्र कधीही घेऊ नका. त्या तासाच्या बदल्यात मिळालेला कोणताही उपक्रम मुलं रागानेच सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. परीक्षेआधीचा आठवडा आणि निकालानंतरचा आठवडाही टाळा. शाळा सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर, वेळ चांगली जमते.

साहित्य. प्रत्येकी एक लहान 100 पानी वही. सगळ्या वह्यांना सारखंच खाकी कव्हर घाला. वर नाव नको, मुलाने स्वतः काढलेली एखादी खूण पुरे. त्याशिवाय A4 कागदाचे चतकोर तुकडे, प्रत्येकी दहा, दोन रंगांची पेनं आणि शेवटच्या तासासाठी एक लिफाफा.

वही राहणार कुठे? हे आधी ठरवलं नाही तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. कित्येक घरांत दप्तर रोज तपासलं जातं, किंवा भावंडांत कप्पा एकच असतो. म्हणून मुलाला निवड द्या: वही घरी नेणं, किंवा शाळेतल्या कुलपाच्या कपाटात ठेवणं. किल्ली एकाच माणसाकडे हवी. कपाटातली वही तुम्ही ‘सहज चाळली’ आणि ते एका जरी मुलाला कळलं, तर पुढच्या तासापासून सोळाच्या सोळा वह्यांत पुन्हा निबंध येतील.

वचन. पहिल्याच तासाला हे शब्द जसेच्या तसे म्हणा: ‘वहीत लिहिलेलं मी वाचणार नाही. तू दाखवलंस तरच बघेन. तू सांगितलेलं दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. पण तीन प्रसंगी मला मदत घ्यावीच लागेल: तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा तुला कोणी इजा करत असेल तर. तेव्हा मी कोणाकडे जातेय ते आधी तुला सांगेन.’ ‘काहीही सांग, कोणाला कळणार नाही’ असं सरसकट आश्वासन देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं, तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पालकांना चिठ्ठी. सात-आठ ओळी पुरेत. मुलं स्वतःच्या विचारांकडे लक्ष द्यायला शिकणार आहेत, या उपक्रमाला गुण नाहीत, आणि वही दाखव असा आग्रह धरू नये, एवढं त्यात स्पष्ट हवं. ‘मानसिक आरोग्य कार्यक्रम’ असं शीर्षक दिलंत तर निम्मे पालक ‘आमच्या मुलाला काय झालंय?’ म्हणून विचारायला येतील. ‘स्वतःशी संवाद’ एवढं पुरे.

तुमचा स्वतःचा सराव. तीन दिवस तुम्हीही करा. गाडी चुकली, पोळी करपली, मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बोलले. त्या क्षणी मनात आलेलं पहिलं वाक्य जसंच्या तसं टिपा. स्वतः केलं नसेल तर पहिल्या टप्प्यात मुलं कुठे अडतात ते लक्षात येत नाही.

> तपासा: चार गोष्टी ठरल्या का? गट, जागा, कपाटाची किल्ली, आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा त्याचं नाव. चौथी ठरेपर्यंत सुरुवात करू नका.

## टप्पा 1: पहिलं वाक्य पकडणं (पहिला तास आणि पुढचा आठवडा)

‘तुझ्या मनात काय चालू असतं?’ या प्रश्नाला बारा-तेरा वर्षांचं मूल ‘काही नाही’ म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. मनातलं बोलणं तुटक असतं, झटकन येऊन जातं, ‘हे आपण बोललो’ अशी त्याची नोंदच होत नाही. म्हणून विचारांबद्दल विचारायचं नाही, प्रसंग द्यायचा.

1. डोळे मिटायला सांगू नका, काहींना हसू येतं आणि काहींना भीती वाटते. नजर बाकावर ठेवायला सांगा.
2. प्रसंग सावकाश वाचा: ‘गणिताचा पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न येत नाहीये. शेजारचा खाली मान घालून लिहायला लागलाय.’ दहा सेकंद थांबा.
3. ‘मनात आलेलं पहिलं वाक्य चतकोर कागदावर लिही. चांगलं-वाईट बघू नकोस.’ दोन मिनिटं पूर्ण शांतता.
4. आणखी दोन प्रसंग घ्या. एक मैदानावरचा: ‘कबड्डीत चढाईला गेलास आणि पहिल्याच वेळी बाद झालास.’ एक मित्रमैत्रिणींचा: ‘मधल्या सुट्टीत त्या चौघी बोलत होत्या. तू गेलीस आणि त्या गप्प झाल्या.’
5. कागद मुलाने स्वतः वहीत चिकटवायचे. गोळा करायचे नाहीत.

ज्यांना शब्दच सुचत नाहीत त्यांना काड्यांची दोन माणसं काढायला सांगा आणि एकाच्या डोक्यावर ढगासारखा फुगा. फुग्यातलं वाक्य बहुतेकदा लगेच येतं, कारण ते ‘त्याचं’ असतं.

भाषेबद्दल इथे जरा जास्त सांगायला हवं. मनातलं बोलणं घरच्या बोलीत असतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, गोरमाटी, जी असेल ती. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीत लिहायला लावलं तर पाठ्यपुस्तकातली विशेषणं येतात, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला ‘शुद्ध लिही’ म्हटलं तर निबंध येतो. पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: जसं ऐकू येतं तसं लिहायचं. एखाद्याने आपणहून वही दाखवली आणि तुमच्या हातून ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं गेलं, तर ती वही पुन्हा तुमच्यासमोर येणार नाही. शिव्या आल्या तरी आल्या तशा राहू द्या. मूल स्वतःला कोणत्या शब्दांत झोडपतं हे त्याच्यासमोर यायलाच हवं.

आठवडाभराचं काम: रोज एक वाक्य, पाच दिवस. सोबत वेळ आणि ठिकाण. ‘मंगळवार, बसमध्ये, ...’ असं. रोज तीन-चार वाक्यं मागितली तर शनिवारी रात्री बसून सगळी एकदम लिहिली जातात.

> सावध: ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘सगळं संपवून टाकावं’ अशा अर्थाचं काही कानावर आलं किंवा दाखवलं गेलं, तर पुढचा टप्पा थांबवा आणि खालचा ‘तास बाजूला कधी ठेवायचा’ हा भाग आधी वाचा.

## टप्पा 2: सहा खणांचा नकाशा (दुसरा तास)

हा टप्पा पहिला घेतला की फसतो आणि दुसरा घेतला की चालतो. आठवडाभर स्वतःला ऐकलेलं असतं, त्यामुळे खणांत आता खरी भाषा उतरते.

वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर सहा खण आखायला सांगा: अभ्यास, खेळ, दिसणं, मित्रमैत्रिणी, घर, वागणं. स्वतःबद्दलचं मत सगळ्या बाबतींत सारखं नसतं, हे मुलांना माहीतच नसतं. गणितात अडणारं मूल ‘मी कशातच चांगला नाही’ म्हणतं, आणि त्याच हातांनी सायकलची चेन दोन मिनिटांत बसवतं. नकाशा काढला की हे वेगळेपण त्याचं त्यालाच दिसतं. प्रत्येक खणात चार ओळी:

- यातलं मला काय जमतं? (एक नेमकी गोष्ट)
- कुठे अडतं? (एक नेमकी गोष्ट)
- हे मला कोणी सांगितलं, की मी स्वतः पाहिलं?
- हा खण माझ्यासाठी किती महत्त्वाचा? (फार, थोडा, नाही)

तिसरी ओळ सगळ्यांत कामाची आहे. ‘मी काळी आहे म्हणून वाईट दिसते’ या वाक्यासमोर ‘आत्या, लग्नात’ असं लिहिताना मुलगी थबकते. हे मत आपलं नाही, कोणीतरी आपल्याला दिलं आहे, हे तिला पहिल्यांदा दिसतं. तुम्ही काही समजावून सांगण्याची गरज नसते. गप्प राहा.

चौथी ओळही सोडू नका. महत्त्वाच्या वाटणाऱ्या खणात कमी पडणं टोचतं, महत्त्व न वाटणाऱ्या खणातलं फारसं टोचत नाही. सहाही खण ‘फार’ असतील तर त्या मुलावर ओझं जास्त आहे, एवढी खूणगाठ बांधा.

‘कोणी सांगितलं?’ या प्रश्नातून कधी जात निघते, कधी वस्ती, कधी आडनावावरून झालेली चेष्टा, कधी बोलण्याच्या ढंगावरून केलेली नक्कल. त्या वेळी ‘आता असं काही राहिलं नाही’ किंवा ‘तू मनावर घेऊ नकोस’ म्हणू नका. ‘हे तुझ्याशी झालं, आणि ते चुकीचं होतं’ असं स्पष्ट म्हणा. चेष्टा करणारा शाळेतला असेल, मग तो विद्यार्थी असो की मोठा माणूस, तर पुढचं काम तुमचं आहे.

नेहमीच्या चुका: खणांना दहापैकी गुण द्यायला लावणं (पाच मिनिटांत मुलं एकमेकांचे गुण बघतात), ‘दिसणं’ हा खण सक्तीचा करणं, आणि रिकामा खण भरायला बसवणं. रिकामा राहिला तर राहू द्या.

आठवीची काही मुलं विचारतील: ‘मी घरी वेगळी असते, मैत्रिणींत वेगळी. मग खरी कोणती?’ हा प्रश्न चौदा-पंधराच्या सुमारास फार छळतो, आपण खोटे आहोत असं वाटायला लागतं. उत्तर सोपं ठेवा: दोन्ही तूच. आजीसमोर आणि मैदानावर मोठी माणसंही सारखी बोलत नाहीत. फक्त ‘कुठे असताना दम घुटतो?’ एवढं वहीत लिहायला सांगा.

> तपासा: प्रत्येकाच्या नकाशात ‘जमतं’च्या किमान दोन ओळी नेमक्या आहेत का, ते मुलाला स्वतःलाच तपासायला सांगा. ‘चित्रकला’ ही ओळ नेमकी नव्हे, ‘माणसाचे हात काढता येतात’ ही नेमकी.

## टप्पा 3: वाक्य उलगडणं (तिसरा तास)

आता दुसऱ्या रंगाचं पेन काढायचं. पहिल्या आठवड्यातली वाक्यं समोर घ्या आणि दोनच गोष्टींना गोल करा.

पहिली: ‘च’ आणि त्याचे सोबती. ‘मला येणारच नाही’, ‘मी नेहमी घाण करते’, ‘कोणीच बोलत नाही’, ‘सगळे हसतात’, ‘पहिला नंबर यायलाच पाहिजे’. च, नेहमी, कधीच, सगळे, कोणीच. हे शब्द मुलांना वाक्यात दिसले की त्यांना गंमत वाटते, कारण व्याकरणाच्या तासाला शिकलेला ‘च’ इतका दांडगा असतो हे ठाऊक नसतं. ‘च’ काढून तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा वाचायला सांगा.

दुसरी: ‘मी अमुक आहे’ हा शिक्का. ढ, वेंधळी, बावळट, आळशी, जाडा. शिक्का काढून तिथे घटना लिहायची. ‘मी वेंधळी आहे’ याऐवजी ‘काल मी कंपासपेटी वर्गात विसरले’. ‘मी ढ आहे’ याऐवजी ‘अपूर्णांकांचा भागाकार करताना उलटा कोणता करायचा ते चुकतं’. घटनेवर उपाय असतो, शिक्क्यावर नसतो.

एक वाक्य शेवटपर्यंत कसं न्यायचं ते पाहा. कोल्हापूरकडची सातवीतली एक मुलगी समजा. तिने वहीतलं वाक्य आपणहून दाखवलं आहे: ‘इंग्रजी वाचायला उभारले की सगळी हसत्यातच. मी येडीच हाय.’

‘सगळी म्हणजे कोण कोण?’
‘मागच्या बाकावरची तिघं. आन एकदा पुढची एक.’
‘कधी हसली?’
‘व्हिलेजला विलगे वाचलं तवा.’
‘त्याच्या आधी किती ओळी वाचल्या होत्यास?’
‘पाच.’
‘त्या कशा आल्या?’
‘त्या बरुबर आलत्या, बाई.’

बाईंनी कुठेही ‘अगं, तू काही येडी नाहीस’ म्हटलेलं नाही. म्हणाल्या असत्या तर मुलीने मान हलवली असती आणि मनात तेच ठेवलं असतं. तिने आता स्वतः लिहायचं: ‘पाच ओळी बरुबर वाचल्या. सहावीत एक शब्द चुकला. मागची तिघं हसली.’ यातून दोन कामं निघतात. नवे शब्द आदल्या दिवशी विचारून ठेवणं हे मुलीचं. मागच्या बाकावरच्या तिघांशी बोलणं हे बाईंचं, आणि ते त्याच दिवशी व्हायला हवं.

प्रश्न विचारताना ‘कोण, कधी, किती, आधी काय झालं’ एवढेच विचारा. ‘का’ टाळा. ‘का घाबरतेस?’ हा प्रश्न मुलांना जाब विचारल्यासारखा लागतो.

> सावध: कठोर वाक्य प्रत्येक वेळी चुकीचं नसतं. ‘मी आईशी खोटं बोललो’ हे टोचतंय ते योग्य आहे, ते पुसू नका. तिथे ‘आता काय करणार?’ एवढंच विचारा. तसंच ‘सगळे मला त्रास देतात’ याची नावं मोजल्यावर खरंच सात-आठ निघाली आणि प्रकार रोजचा असेल, तर दोष मुलाच्या विचारांत नाही. तो छळ आहे. मुलाला ‘दृष्टिकोन बदल’ म्हणून घरी पाठवू नका, वर्गातला छळ थांबवा.

## तास बाजूला कधी ठेवायचा

मरणाबद्दल बोलणं किंवा लिहिणं, हातावर कापल्याच्या खुणा, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, झोप किंवा जेवण अचानक बदलणं, जवळच्या मित्रांनाही टाळणं, आवडती वस्तू वाटून टाकणं. यातलं काही दिसलं तर हा उपक्रम त्या मुलासाठी पुरेसा नाही.

एकांतात, पण दार उघडं ठेवून, सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरातूनच धोका असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन. दोन्ही क्रमांक पहिल्या तासालाच सगळ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला वेगळं मागावं लागत नाही.

## टप्पा 4: पटेल असं उत्तर (चौथा तास)

सगळ्यांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि जवळजवळ सगळ्या घाईच्या असतात. ‘मी ढ आहे’ला उत्तर म्हणून ‘मी हुशार आहे’ दिलं जातं. मूल तोंडाने म्हणतं, आणि मन आतून लगेच पुरावे काढतं: मग सहामाहीत अकरा का पडले? 2009 साली मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगात पाहिलं होतं. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या तरुणांना ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच तरुणांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं. ज्याला अशा वाक्याची गरज सगळ्यांत जास्त, त्यालाच ते उलटं पडतं.

म्हणून उत्तराच्या वाक्याला तीन कसोट्या लावा:

1. आज खरं आहे का? उद्या, मोठेपणी, प्रयत्न केल्यावर असं नको.
2. हेच मी माझ्या जिवलग मित्राला म्हणेन का? याच सुरात?
3. त्यात पुढची एक लहान कृती आहे का?

मग वाक्यावर किती विश्वास बसतो ते मुलाने स्वतः शून्य ते दहात ठरवायचं. सातच्या खाली आलं तर वाक्य लहान करायचं. ‘मी गणितात हुशार आहे’ – दोन. ‘मी मेहनत केली तर जमेल’ – चार, कारण हे त्याने हजारदा ऐकलंय. ‘मला समीकरण मांडता येतं, सोडवताना चिन्ह चुकतं, म्हणून चिन्हाला गोल करीन’ – नऊ. नऊवालं घ्यायचं, दिसायला कितीही साधं असलं तरी.

वाक्य स्वतःच्या नावाने म्हणून पाहायलाही सांगा. ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव किंवा ‘तू’ वापरलं की जरा अंतर मिळतं आणि डोकं शांत राहायला मदत होते, असं मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. पण मराठीत इथे एक खाचखळगा आहे: आपल्याकडे ‘तू’ने स्वतःला आधीच रागावलं जातं. ‘गधड्या, तुला साधं हे येत नाही!’ त्यामुळे नुसतं ‘तू’ म्हणून भागत नाही, सूर बदलावा लागतो. बाकावरच्या जोडीदाराने मित्राच्या सुरात ते वाक्य एकदा म्हणून दाखवायचं, मग मुलाने स्वतः. मघाच्या मुलीचं नाव रेखा धरलं तर तिचं वाक्य असं होईल: ‘रेखा, पाच ओळी तुला येत्यात. अडलं की थांब, बाईंना इचार.’

> तपासा: वाक्य 12 शब्दांपेक्षा लांब आहे का? घाबरलेल्या मनाला लांब वाक्य आठवत नाही. कापा.

## टप्पा 5: एकच क्षण, दहा दिवस (पाचवा तास)

वाक्य वहीत असून उपयोग नाही, ते ऐनवेळी तोंडाशी यायला हवं. मुलाने एकच क्षण निवडायचा: पेपर हातात येतो तो, तोंडी परीक्षेला नाव पुकारलं जातं तो, फलंदाजीला जातानाचा. मग ‘जेव्हा... तेव्हा...’ या साच्यात लिहायचं: ‘जेव्हा पेपर हातात येईल, तेव्हा पेन खाली ठेवीन, तीन श्वास घेईन, माझं वाक्य म्हणीन, आणि येणारा प्रश्न आधी शोधीन.’ श्वास नाकाने, आत घेताना चार मोजायचे, सोडताना सहा.

तासातच तीनदा खोटा प्रसंग करून बघा. कोरा कागद पेपर म्हणून वाटा, नावं पुकारा. मुलं हसतील, हसू द्या. दुसऱ्या फेरीला गंभीर होतात. त्यानंतर दहा दिवस तोच क्षण, तेच वाक्य. दर दोन दिवसांनी वाक्य बदलणारी मुलं कशालाच सरावत नाहीत. घरी करणाऱ्यांसाठी हा टप्पा सोपा आहे: स्कूटरवर शाळेत सोडताना किंवा भाजी निवडताना, समोरासमोर न बसता, एकदा विचारा आणि उत्तर आलं नाही तर विषय सोडून द्या.

आणि या दहा दिवसांत मोठ्यांनी स्वतःच्या तोंडाकडेही लक्ष द्यायचं. मुलाच्या मनातला आवाज पुष्कळदा मोठ्यांनी म्हटलेल्या वाक्यांचाच असतो. ‘शेजारच्याला बघ’, ‘तुझ्याच्याने होणार नाही’ हे उघड आहे. कौतुकही जपून करावं लागतं. पाचवीच्या मुलांवर केलेल्या 1998 च्या प्रसिद्ध प्रयोगांत म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांना दिसलं, की ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं नंतर अवघड कामात अपयश आल्यावर लवकर खचली, आणि मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. म्हणून ‘हुशार गं माझी बाय’ ऐवजी ‘तिसरं उदाहरण तू दोन वेळा खोडून पुन्हा केलंस, ते मी पाहिलं’. पाहिलं असेल तरच म्हणा, मुलांना खोटं कौतुक लगेच ओळखू येतं.

## टप्पा 6: लिफाफा (सहावा तास)

पहिल्या आठवड्यातली वाक्यं पुन्हा वाचायची. ज्यांचा जोर कमी झाला त्यांच्यापुढे टिंब, जी तशीच आहेत त्यांच्यापुढे रेघ. रेघा जास्त असतील तर मुलाला नापास झाल्यासारखं वाटू देऊ नका. सहा आठवड्यांत एक-दोन वाक्यं ढिली पडणं ही नेहमीची गती आहे.

मग स्वतःला पत्र, एक पान: मी स्वतःबद्दल काय नवं पाहिलं, कोणत्या क्षणी कोणतं वाक्य वापरणार, आणि अडलं तर कोणाशी बोलणार. या शेवटच्या प्रश्नाला एका जिवंत माणसाचं नाव हवं. ज्याला नाव सुचत नाही त्याला थांबवून घ्या, सगळे गेल्यावर त्याच्याशी बोला.

पत्र लिफाफ्यात, लिफाफा मुलाने चिकटवायचा, वर तारीख आणि खूण. उत्कृष्ट वहीला बक्षीस नको, प्रमाणपत्र नको, निवडक पत्रांचं वाचन तर मुळीच नको. आठ आठवड्यांनंतरची तारीख शाळेच्या दिनदर्शिकेत आत्ताच लिहून ठेवा, कारण ही तारीख हमखास विसरली जाते. त्या दिवशी लिफाफे परत द्यायचे, वीस मिनिटं द्यायची. ज्याला त्या वेळी वाक्य बदलायचं असेल, तो टप्पा 3 पासून पुन्हा सुरू करेल.